नोटीस बोर्डावरची पाच नावं

ईरा, निनाद,

कॉलेजात मनःस्वास्थ्याची स्वयंसेवक झाल्यावर ईराने विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का?" होतं. तिने पाठवलेल्या फॉर्मवर मदत मागणाऱ्याच्या नावाचा रकाना दिसला आणि माझं डोकंच तडकलं. म्हणून आजच लिहायला बसले.

ऐंशीचं दशक होतं. मी मुंबईत मानसशास्त्र शिकवायचे. नवी मुंबई अजून अर्धी नकाशावरच होती. शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने उरणजवळच्या मोरा बंदराला जायचं आणि तिथून एसटीने कॉलेजात. पहिल्याच फेरीत शेजारच्या कोळणीने विचारलं, "कनाला चालल्याव, बाय?" (कशाला?)

"मन बिघडलं तर काय करायचं, ते मुलांना शिकवायला."

"मंग पुढच्या येलेला आमचे दादल्याला आनते. त्याचा कवाचा बिघारलाय!" अख्खी लाँच हसली.

आठ विद्यार्थी निवडले. सोबत्याजवळ बसून ऐकायचं, गरज पडली तर त्याच्या बाजूने सरांशी बोलायचं, हे त्यांना शिकवलं. वर माझी शिस्त. मदत मागायला येणाऱ्यांची एक वही केली आणि रकाने स्वतः आखले: नाव, वर्ग, तक्रार.

तिसऱ्या फेरीला ओहोटी होती. लाँच लांबच थांबली. होडीने आणि पुढे चिखलातून, साडी गुडघ्यापर्यंत बरबटवून मी कॉलेजात पोचले. समोर नोटीस बोर्डावर कागद: 'मानसिक दुर्बल विद्यार्थी'. खाली पाच नावं. त्या कॉलेजातली प्रत्येक वही महिनाअखेर शिक्क्यासाठी ऑफिसात जायची. आमच्या आज्ञाधारक पोरांनी हीदेखील नेऊन दिली होती.

"अहो मॅडम, हजेरी कमी पडली तरी आपण यादी लावतो," प्राचार्य म्हणाले. "यात लपवायचं काय?"

मी ओरडले. त्यांनी चहा मागवला.

पहिलं नाव यमुनाचं होतं. परीक्षेच्या धसक्याने तिची झोप उडाली होती, एवढंच. वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं होतं. आठांतली शोभा मला मिठागराच्या बांधावरून तिच्या घरी घेऊन गेली. रागातही यमुनाच्या आईने आमच्यापुढे तांदळाची भाकरी आणि सुकट ठेवली. वडील दारातच उभे राहिले.

"कालेजानंच लिवलाय, आमची पोर येरी (वेडी) हाय म्हनून. आता तिला कोन करील (सून करून घेईल)?"

मी समजावू लागले, तर शोभाच मध्ये बोलली. "काका, त्या कागदावं माजा पन नाव पायजे होता. मी पन रडलेली. वही माज्याच हातान होती, म्हनून लिवला नाय."

 मग आतून यमुना म्हणाली, "मी सोमवारी जानार हाय, बाबा." वडिलांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

परतीच्या लाँचवर मनात प्राचार्यांचा राग होताच, पण रकाने कुणी आखले होते?

सोमवारी यमुना आली. ती आठही जणं ऑफिसच्या दारात उभी राहिली आणि कागद उतरेपर्यंत हलली नाहीत, असं शोभाने कळवलं. पाचांतला एक मुलगा मात्र परत आलाच नाही. त्याला शिक्षण सोडायला लावणाऱ्यांत मीही आहे. हा राग वयाने कमी झालेला नाही, आणि व्हायला नकोच.

त्या कॉलेजात मुलं अजूनही मुलांजवळ बसून ऐकतात. नाव विचारत नाहीत.