तीर्थाच्या झाकणातला थेंब

शिंगणापूरच्या उतारावर शंभू महादेवानं आम्हा नवरा-बायकोला कसं वाचवलं, हे मी आमच्या गावच्या भजनी मंडळात पुष्कळदा सांगितलं आहे. ऐकणाऱ्यांनी हात जोडले आहेत, काहींचे डोळे भरून आले आहेत. सांगून झाल्यावर मात्र मला कधीच हलकं वाटलं नाही. घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकली की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. कारण मी सांगत होतो तो अनुभव अर्धा होता. आता वय झालं आहे, सोबतीला कुणी नाही, आणि उरलेला अर्धा लिहून ठेवल्याशिवाय मला देवासमोर बसता येत नाही.

कोरेगावच्या बाजूला आमचं गाव. थोडा ऊस आहे. मुलगा लष्करात, त्याची मोटारसायकल घरी असते आणि ती मीच वापरतो. आमच्या घराची एक रीत आहे. खंडेनवमीला कुठलंही यंत्र उपाशी ठेवायचं नाही. इंजिन, कडबाकुट्टी, ट्रॅक्टर, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून, तेल जिथं कमी असेल तिथं भरायचं आणि मग नारळ फोडायचा. वडील करायचे, तसं मीही करत आलो. त्या खंडेनवमीला मी मोटारसायकल पुसत होतो. हँडलवर पुढच्या ब्रेकची छोटी डबी असते, तिला काच असते. काचेत तेल खाली गेलेलं दिसलं. हातात ट्रॅक्टरच्या तेलाचा कॅन होताच. डबीचं झाकण खोललं आणि काठोकाठ भरली. पायरीवर बसून फुलांच्या माळा करणारी आमची सौभाग्यवती म्हणाली, “पोळीला तेलाचं बोट मागितलं तर ह्यांचा हात आखडतो, आन गाडीला बगा कसं पाजत्यात.” मी हसलो. मला वाटलं, यंत्राचं पोट भरलं.

ब्रेकमध्ये जे घालतात ते वेगळंच असतं, ट्रॅक्टरचं तेल तिथल्या रबरांचं वैरी असतं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हा गुन्हा नव्हे. गुन्हा पुढे आहे.

दिवाळीच्या सुमाराला पुढचा ब्रेक न दाबताच चाक धरू लागला. कधी चाक तापायचं, कधी ब्रेकचा दांडा नेहमीपेक्षा जास्त आत जायचा. गावाच्या फाट्यावर वसंताचं गॅरेज होतं. वसंता आमच्याच गावचा, हाताचा स्वच्छ, बोलायला कमी. त्यानं डबीचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, दोन बोटांमध्ये चोळलं आणि माझ्याकडे बघितलं.

“आबा, ह्यात दुसरं तेल कुणी घातलंय का?”

गॅरेजसमोरच्या बाकावर चार-पाच माणसं बसली होती. त्या माणसांची इंजिनं मी उभ्या जन्मात कितीदा चालू करून दिली असतील. पंप बिघडला की लोक आधी मला बोलवायचे. एक जण म्हणालाच, “आरं वसंता, कुणाला इचारतोयस? आबांनी तुज्या बापाला पाना धरायला शिकवलाय.” सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, “न्हाई बा. कोण घालतंय?”

वसंता पुन्हा म्हणाला, “तसं आसंल तर सांगा. मग आतली समदी रबरं काढून बदलावी लागत्यात. न्हाईतर दाब धरत न्हाई, कवा सोडंल सांगता येत न्हाई.”

“नुसती नळीतली हवा काढ,” मी म्हणालो. “रबरं-बिबरं काय करू नकोस.”

त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. हवा काढली, वरून थोडं नवं ब्रेक ऑइल घातलं. दांडा तात्पुरता कडक झाला. मी घरी आलो.

त्यानंतर काही दिवसांतच आम्ही शिंगणापूरला निघालो. सौभाग्यवतीचा नवस होता, मुलाच्या बदलीचा. पुसेगाव, दहिवडी करत माणच्या उघड्या माळावरून गेलो. दर्शन निवांत झालं. तिनं झाकणाच्या छोट्या गडव्यात तीर्थ भरून घेतलं आणि पदरात धरून मागे बसली. परतीच्या उतारावर एका वळणाआधी मी पुढचा ब्रेक दाबला, तर दांडा सरळ मुठीला येऊन टेकला. हातात काहीच नव्हतं. पुन्हा दाबला. तेच. मागचा ब्रेक पायानं दाबून धरला, गिअर खाली आणला, तरी गाडी वळणाकडे ओढत होती. वळणापलीकडे दरी नव्हती, पण उतरता खडक होता आणि माझ्या पाठीला माझ्या बायकोचं कपाळ टेकलेलं होतं. ती देवाचं नाव घेत होती. वळणावर डोंगराच्या अंगाला रस्त्याच्या कामासाठी मुरमाचा ढीग टाकलेला होता. मी हँडल तिकडे वळवलं. पुढचं चाक मुरमात रुतलं आणि आम्ही दोघं त्यावर आडवे झालो. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गडवासुद्धा तिनं सांडू दिला नव्हता.

मंडळात मी इथवरच सांगायचो. मग म्हणायचो, वसंतानं काम नीट केलं नाही, पण देवानं ढीग टाकून ठेवला होता. लोक मान हलवायचे. पुढचं तेव्हा कधी सांगितलं नाही.

पुढचं असं, की थोड्या वेळानं मेंढरांसाठी कडबा घेऊन चाललेली एक पिकअप थांबली. चालवणारा माणूस पन्नाशीचा, लष्करातून निवृत्त झालेला. तिथं गाड्यांच्या वर्कशॉपात होतो, म्हणाला. त्याला मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही. आधी त्यानं सौभाग्यवतीला सावलीला बसवलं, मग गाडीकडे वळला. नळी बघितली, कुठं गळत नव्हतं. चाकाजवळचा भाग हातानं चाचपला, तो तापलेला होता. मग डबीचं झाकण खोललं. झाकणाखालचं रबर फुगून लुळं पडलं होतं.

“काका, पानी हाय का जरा?”

आमच्याकडे तीर्थाखेरीज पाणी नव्हतं. मी कचरलो. सौभाग्यवती म्हणाली, “घ्या. देवाचंच हाय.” आणि तिनं गडव्याच्या झाकणात थोडं तीर्थ ओतून त्याच्यापुढे धरलं.

त्यानं डबीतला एक थेंब काडीनं त्यात सोडला. “ब्रेकचं खरं आसतं ते पान्यात मिसळून जातं,” तो म्हणाला. “आता बगा.” थेंब मिसळला नाही. तीर्थावर पसरला, आणि उन्हात त्याचे रंग दिसू लागले.

“ह्यात तेल गेलंय. रबरं फुगली, चाक धरून ऱ्हायलं, तापलं, आन ऐन उतारावर दाब सुटला.” मग माझा चेहरा बघून तो थोडा हसला. “आवं काका, भूक लागली म्हनून बैलाला कुनी मटान घालतंय का? कुनी घातलं ते मी इचारत न्हाई. पर ज्यानं घातलं त्याला सांगा, जीव वाचलाय.”

झाकण सौभाग्यवतीच्या हातात होतं. तिनं त्या तवंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. खंडेनवमीला ती पायरीवर बसली होती.  मी हँडलवरचा मुरूम झाडायला लागलो.

त्या माणसानं गाडी कडब्यावर चढवून दहिवडीला नेली. तिथल्या एका दुकानाच्या अंगणात त्यानं स्वतः बसून सगळी रबरं बदलली, नळी धुऊन घेतली, बंद बाटलीतलं नवं ब्रेक ऑइल भरलं. हवा काढायला मला हँडलजवळ उभं केलं. “दाबा. धरून ठेवा. मी म्हनंस्तवर सोडू नका. हां, आता सोडा.” खालच्या पारदर्शक नळीतून बुडबुडे येत होते, मग कमी झाले, मग नुसती धार आली. दांडा माझ्या बोटांखाली घट्ट झाला. किती वेळ मी त्याच्या हुकमावर नुसतं धरत आणि सोडत होतो. माझं डोकं त्यात कुठंच नव्हतं, आणि तेवढं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. कामाचं काही न घेता तो निघून गेला. मेंढरं उपाशी आहेत, म्हणाला.

घरी परतताना पुसेगावजवळ ती मागून एवढंच म्हणाली, “वसंता इचारत हुता न्हवं?”

मी म्हणालो, “बगू.”

आणि मी ते बघितलं नाही. गावात पोचलो तेव्हा खरचटलेले हात बघून लोकांनी विचारलं. माझ्या तोंडून वसंताचं नाव निघालं. मी ठरवून घेतलं नव्हतं, पण एकदा निघाल्यावर परत घेतलं नाही. लोक वसंताकडे गाड्या नेईनासे झाले. बाकावरची माणसं आधी गेली, मग बाकही गेला. काही महिन्यांनी वसंता बायको-मुलांसह आष्ट्याला मेव्हण्याकडे राहायला गेला. मी मंडळात अनुभव सांगायला लागलो की सौभाग्यवती चहा ठेवायला उठायची. मला तिनं कधी खोटारडा म्हटलं नाही. चहा व्हायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ती चुलीपाशी बसून राहायची. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. शेवटच्या आजारात तिनं मला जवळ बोलावलं तेव्हा मला वाटलं, मुलाबद्दल काही सांगेल. ती म्हणाली, “आवं, आष्ट्याला जाऊन या.”

तिच्या दिवसकार्यानंतर मी गेलो. एसटीनं गेलो. वसंता मेव्हण्याच्या गॅरेजात दुसऱ्याच्या हाताखाली काम करत होता. मी त्याच्यापुढे उभा राहून सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून झाकणातल्या थेंबापर्यंत. तो हात पुसत ऐकत राहिला. मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. दोन्हीपैकी काहीच झालं नाही.

“मी काय केलं न्हाई ते मला ठावं हाय, आबा,” तो म्हणाला. “मला कशाला सांगताय? ज्यांना सांगितलंसा, त्यांना सांगा.”

त्यानं मला चहा दिला. माझ्या बायकोबद्दल, त्याच्या काकूंबद्दल, विचारलं, आणि त्याचे डोळे भरून आले. परत गावी ये, असं मी म्हणालो. त्यावर त्यानं खाली ठेवलेला पाना पुन्हा उचलला.

त्यानंतरच्या सोमवारी मी मंडळात उभा राहिलो आणि इथं लिहिलं तेच सांगितलं. या वेळी कुणी हात जोडले नाहीत. पेटीवाला तेवढा म्हणाला, “मग आबा, देवानं वाचवलं ते बी खोटंच का?” मी म्हणालो, ते खरं आहे. वसंतानं जो प्रश्न विचारला तोच देवानं मला पुन्हा विचारला, माझ्या बायकोच्या हातातल्या पाण्यात दाखवून विचारला. मी तेव्हाही कबूल केलं नाही. तरी त्यानं आम्हाला घरी पोचवलं. याहून मोठी कृपा मला ठाऊक नाही, आणि तिचा भार मला सोसत नाही.

वसंता परत आला नाही. फाट्यावर आता दुसरंच दुकान आहे. या खंडेनवमीला मी यंत्रं धुतली, हळदकुंकू लावलं, आणि ज्याला जे लागतं ते ज्याला कळतं त्याच्याकडून भरून घेतलं. ब्रेकच्या डबीवर फक्त फूल ठेवलं. तो गडवा देवघरात आहे. रोज सकाळी पूजेला त्याच्या झाकणात पाणी घेतो. पाणी स्वच्छ असतं. तरी देवाला वाहण्याआधी मी एकदा वाकून बघतो.