नागोबानं सोडलेली

आमच्या गावात साप चावून जगलेल्या बाईला मोठा मान. नागपंचमीला वारुळाची पहिली पूजा तिची, आणि मग बायका तिलाच हळदीकुंकू लावून नमस्कार करतात. नागोबानं सोडलेली म्हणून. मला चावली ती घोणस, नाग नव्हेच. पण ऐकतो कोण?

भात कापताना बांधावर चावली. पनवेलला इस्पितळात इंजेक्शनं दिली, मूत्रपिंडं बंद पडली म्हणून मशीनवर ठेवलं आणि लघवी सुरू झाल्यावर घरी पाठवलं. पुढे काय होऊ शकतं, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्याचा राग मला अजून येतो.

पाय काम केलं की सुजायचा, तो आजही सुजतो. पण त्याहून वाईट म्हणजे पाळी थांबली, केस गळाले, भर मे महिन्यात मी गोधडी घेऊन बसायची. जरा उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. घरात एकच निदान: कामचुकार. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "साप चावला पायाला, आळस चढला डोक्यात."

शेवटी नवीन पनवेलच्या एका डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. घोणसीच्या विषानं मेंदूखालची ग्रंथी निकामी झाली होती. गोळ्या जन्मभर, चुकल्या तर जिवावर बेतेल, असं त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं. घरी येताच सासूबाई म्हणाल्या, "इख कवाच उतरलं. आता कसली गोळी? तुला काय बी नाय."

यंदाच्या पंचमीला सकाळची गोळी त्यांनी घेऊच दिली नाही. उपास मोडतो म्हणे. दुपारी पाटावर बसवलं तेव्हा पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी साडी घोट्यावर घेतली आणि पाय पुढे केला.

"कपाळाला नको. चावली तिथं लावा."

पाय टम्म सुजलेला, चावल्या जागी कातडी काळी पडून आत गेलेली. सासूबाई वाकल्या, त्या काळ्या डागाला हळद लावली, कुंकू लावलं, डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, आता तरी दिसलं.

त्यांनी डोळे उघडले. "चल, उठ गो. पातोळ्या वाफवायच्या हायत."

मी जागची हलले नाही.

"पूजा केलीत ना, आई? मग नैवेद्यही दाखवा. माझी गोळी आणि पाणी आणा."

सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. पाटावरच्या बाईला नाही म्हणायची रीत आमच्यात नाही. त्या उठून आत गेल्या.