भाषेच्या रकान्यातला ‘बा’

अन्याय झाला तो माझ्या काकीवर. कळंब्याकडच्या आमच्या घराच्या गच्चीवर, मी बारावीची परीक्षा दिली त्या मे महिन्यात, मंगळवारी दुपारी चार ते सव्वाचारच्या दरम्यान जे घडलं, त्यावरून. करणारे दोघे: आमचा रेडिओ गट आणि मी. आजवर मी निषेधाची पत्रकं लिहिली त्यात दोषी कायम समोरचा असायचा. इथं तसं लिहिता येत नाही, म्हणून पहिल्या ओळीपासूनच अडखळतोय.

आम्ही पाच-सहा जण लांबची एफएम केंद्रं पकडायचो. एफएम फार लांब जात नाही, डोंगर आडवा आला की संपलं. पण मे-जूनमधल्या एखाद्या दुपारी काय होतं कुणास ठाऊक, दोन-तीन राज्यांपलीकडचं केंद्र शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं येतं आणि दहा मिनिटांत जातं. आम्ही म्हणायचो, ‘आभाळ उघडलं.’ केबल आल्यावर लोकांनी उतरवून टाकलेले टीव्हीचे अँटेना गोळा करायचे, कापायचे, बांबूला बांधायचे आणि वाट बघायची. पोरं थापा मारतात म्हणून गटाच्या वहीला नियम होता: प्रत्येक नोंदीला साक्षीदार पाहिजे आणि वेळ, भाषा, साक्षीदाराची सही, यातला एकही रकाना रिकामा चालणार नाही.

त्या मंगळवारी काकी गच्चीवर सांडगे घालत होती. तिचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, घरची भाषा कानडी. मी बांबू दक्षिणेला फिरवला आणि खरखरीतून एक बाई बोलायला लागली. हसत, भरभर. मी टेपचं बटण दाबलं.

“काकी, कानडी हाय काय गं?”

तिनं पिठाच्या हातानंच कान जवळ आणला. “न्हाय रं.”

“मग तमिळ?”

“मला कुठं तमिळ येतंय? कानडी न्हाय, एवढं सांगते.”

तेवढ्यात ती बाई स्पष्ट ‘बा’ म्हणाली. दोनदा. कानडीत ‘बा’ म्हणजे ‘ये’. माहेरची माणसं आली की काकी दारातून असंच बोलवायची.

“बा म्हणाली की! कानडीच!”

“बा म्हटलं म्हणून कानडी व्हय? तुझा आजा त्याच्या बापाला ‘बा’च म्हणायचा. मग त्यो पण कानडीच काय?”

मी पुढचं विचारणार, तर ती म्हणाली, “गप की जरा. बोलू दे तिला.” एक शब्द कळत नसताना ती ऐकत राहिली. आवाज खरखरीत बुडाला तेव्हा तिच्या बोटांवरचं पीठ वाळलं होतं. काय ऐकलं तिनं? मी तेव्हा विचारलं नाही.

रविवारी गट बसला. आमचे प्रमुख टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचे. मी म्हणालो, भाषा ओळखू आली नाही.

“न्हाय कशी? ही काय पोलिसातली बेवारस नोंद हाय? भाषा लिही, न्हायतर खोड.”

“काकी म्हणते कानडी न्हाय.”

“काकीला रेडिओतलं काय कळतंय? बा म्हणाली न्हवं? मग कानडीच. लिही.”

माझं पहिलंच आभाळ होतं ते. खोडवेना. लिहिलं: भाषा, कानडी. साक्षीदार, काकी. तिची सहीही मीच ठोकली.

आठवड्यानं प्रमुख घरी आले आणि चहा घेता घेता म्हणाले, “काकी, तुमच्या साक्षीनं पोरानं कानडी पकडली बघा!”

काकीनं माझ्याकडं बघितलं. “मी कवा म्हटलं तसं?” ते गेल्यावर एवढंच बोलली, “मला दोनच भाषा येत्यात. त्यातली एक मला वळखता येत न्हाय, असं लिवलंस व्हय माझ्या नावानं?”

त्यानंतर मी रेडिओ लावला की ती सांडग्यांची बाज ओढून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची.

ती टेप मी पुढं हायवेवरच्या एका तमिळ ड्रायव्हरला ऐकवली. म्हणाला, आमची नाही. एका मल्याळी नर्सबाईंना ऐकवली. म्हणाल्या, आमच्यासारखी वाटते, पण आमची नाही. जितकं विचारावं तितका गोंधळ वाढतो. ती बाई कुठली, ‘बा’ म्हणून ती कुणाला काय सांगत होती, मला आजही माहीत नाही. त्या टेपवर भरवसा ठेवावा असं वाक्य एकच आहे, मध्येच आलेलं, काकीचं: “कानडी न्हाय.” आणि मी नेमकं तेच खोटं पाडलं. का? नोंद राहावी म्हणून? एवढंच कारण असेल, तर ते मलाच पटत नाही.

पुढं शहरागणिक नवी केंद्रं निघाली, लांबचे आवाज त्यांच्याखाली गाडले गेले आणि गट मोडला. वही माझ्याकडं नाही. निळ्या पुठ्ठ्याची आहे, तुम्हा जुन्या गटवाल्यांपैकी कुणाच्या तरी माळ्यावर आहे. ती काढा. त्या मंगळवारचं पान उघडा. ‘कानडी’ खोडा, रकाना रिकामा राहू द्या, नियम गेला खड्ड्यात. शेजारची खोटी सही माझी आहे, तीही खोडा. मग वही घेऊन आमच्या गच्चीवर या आणि सही करायची की नाही, ते काकीला विचारा.