सणाच्या सकाळी रक्त

बाबा मुंबईच्या इस्पितळातून घरी आले ते पोटाच्या डाव्या बाजूला एक नवीन तोंड घेऊन. आतड्याचा बिघडलेला भाग डॉक्टरांनी काढून टाकला होता आणि उरलेल्या आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणून शिवलं होतं. त्याला स्टोमा म्हणतात. शौच तिथून पिशवीत व्हायचं. कमरेला पट्टा, पट्ट्याला कडक प्लास्टिकचं कडं आणि कड्याला पिशवी, अशी सगळी सोय होती. बाबांना त्याची लाज नव्हती. वसईजवळ सांडोरला आमची केळीची वाडी, तिथे भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते विचारायचे, "बघायचंय का?" निम्मे लोक चहा न पिताच उठायचे.

या सगळ्याची देखभाल माझ्याकडे आली, कारण वॉर्डातली सिस्टर शिकवायला लागली तेव्हा बाबा छताकडे बघत होते आणि आईला घेरी आली होती. मी विशीतली, शिक्षिका व्हायचं शिक्षण घेत होते, त्यामुळे वही माझ्याजवळ होतीच. सिस्टर केरळची होती, पण मराठी फर्डं बोलायची.

"हात लाव," ती म्हणाली. "दुखत नाही त्यांना. हे लालच असणार, ओलंच असणार. आपल्या हिरड्या असतात ना, तसं समज. जोरात घासलंस तर थोडं रक्त येईल. तेव्हा घाबरायचं नाही, दाबायचं. पण रक्त आतून आलं, शौचात मिसळून आलं, नाहीतर दाबूनही थांबलं नाही, तर मला विचारत बसू नकोस. सरळ इस्पितळात."

मी सगळं लिहून घेतलं आणि वही कपाटात ठेवून दिली.

चार महिने मजेत गेले. मग आमच्या चर्चचा सण आला. आई पहाटेपासून वडे तळत होती, मी इस्त्री करत होते, आणि न्हाणीघरातून बाबांची हाक आली, "बाय, जरा इकडे ये गं!"

आवाज साधाच होता, म्हणून मी इस्त्री हातात घेऊनच गेले. बाबा स्टुलावर बसले होते. मांडीवरचा पांढरा टॉवेल लालभडक झाला होता.

माझ्यामागून आई आली. एका हातात झारा, दुसऱ्याने तिने क्रूस केला आणि "नमो मरिये" सुरू केलं. अर्ध्यावर थांबून म्हणाली, "हळद आणते."

"हळद नको!" मी ओरडले. आईवर मी पहिल्यांदाच ओरडले असेन. ती उरलेली प्रार्थना मनातल्या मनात म्हणू लागली.

मी इस्त्री बाजूला ठेवून हात धुतले, पट्टा सोडून पिशवी काढली, मऊ सुती फडकं पाण्यात भिजवून पिळलं आणि त्या लाल तोंडावर ठेवून हलकेच दाबलं.

"वडे करपतायत वाटतं," बाबा म्हणाले.

"बोलू नका. पोट हलतं."

"मिस्सा आठला आहे, चर्चला उशीर होईल."

"बाबा!"

दोन मिनिटांत राहवलं नाही म्हणून फडकं उचलून पाहिलं. रक्त पुन्हा झिरपलं. मग घड्याळ समोर ठेवून पूर्ण दहा मिनिटं हात काढला नाही. या वेळी थांबलं. नीट पाहिलं तर खालच्या काठावर नखाने ओरखडल्यासारखी एक रेघ होती. पिशवीत वरच्या बाजूला रक्ताचे ओघळ होते, पण शौच नेहमीसारखंच होतं, काळं नाही, लाल नाही. बाबांना चक्कर नव्हती, उलट भूक लागली होती. म्हणजे रक्त वरचं होतं, आतलं नव्हतं. तेवढं कळलं आणि मी तिथेच ओल्या लादीवर बसले.

आमच्या गावच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "असं मी पुस्तकातच बघितलंय. तू केलंस ते बरोबर. पण मुंबईला दाखवून घ्या."

मंगळवारी आम्ही तिघं सिस्टरपुढे हजर झालो. तिने ओरखडा पाहिला, मग पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"काका, पट्टा दोन भोकं आवळलाय. का?"

"सैल वाटायचा."

"गेल्या आठवड्यात काय काय केलंत?"

बाबांनी कबुलीजबाबाला गुडघे टेकल्यासारखा चेहरा केला. "थोडी सायकल चालवली."

"थोडी म्हणजे?"

"वसईच्या बाजारापर्यंत."

"मागे काही होतं?"

"केळीची पानं." मग जरा थांबून, "आणि दोन घड."

कडं त्या तोंडावर घासत होतं ते असं. सिस्टर काही बोलायच्या आत आई उसळली, "आणि मी समजत होते, माणूस रोज सकाळी मिस्साला जातोय!"

सिस्टर वळून खिडकीकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. मग तिने गंभीर होऊन सांगितलं की पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं, पुसताना फडकं ओलं आणि मऊ हवं, आणि सायकल सध्या बंद. बाबांनी सगळं ऐकलं. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते सायकल चालवू लागले, पण ओझ्याशिवाय. कधीमधी रक्ताचा ठिपका दिसला तर मला हाक न मारता स्वतःच दाबून बसायचे.

दोन वर्षांनी किनाऱ्यावरच्या कळंबचे एक मासेमार गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचंही तसंच ऑपरेशन झालं होतं आणि सिस्टरनेच पत्ता दिला होता. ओटीवर बसून म्हणाले, "दादा, रक्त येतंय. पानी लावून दाबलं, थांबत नाय."

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"काल दुपारपासून. पिशवीत सगळं लालच. उभा राहिलो की डोळ्यापुढं अंधारी येते."

बाबांनी त्यांचा सदरा वर करूनही पाहिलं नाही. शेजाऱ्यांचा भाजीचा टेम्पो वाडीबाहेर उभा होता, त्यात त्यांना आडवं केलं आणि इस्पितळात न्यायला स्वतः बाजूला बसले. आईने विचारलं, "जेवण?" तर म्हणाले, "आल्यावर."

बाबा परतले दुसऱ्या दिवशी. पाहुण्यांच्या पोटात एक शीर फुटली होती, ती डॉक्टरांनी बांधली. रक्त चढवावं लागलं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे सांगताना बाबांचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. आईने ताट वाढलं. ते जेवेपर्यंत ती पंख्याने वारा घालत समोर बसून राहिली.

महिन्याभराने ते गृहस्थ सुके बोंबील घेऊन आले. बाबा वाडीत होते. हात धुऊन आले, पाहुण्यांच्या शेजारी बसले आणि दोघं तासभर पट्ट्यांविषयी बोलत राहिले.