तिसऱ्या गिअरमधले दाजी

आमच्या कारखान्यात आत शिरताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. रसायनांचं काम, ठिणगीची जोखीम नको. त्यामुळे दाजी गेल्याचा निरोप मला गेटवरच्या वॉचमननं आणून दिला. तो धापा टाकत प्लँटपर्यंत आला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या बहिणीचा सारखा फोन येतोय, आधी बाहेर या." गुरुवारची दुपार होती. जेवून दाजी जरा पलंगावर आडवे झाले होते आणि ताई ताक घेऊन आत गेली तोवर सगळं आटोपलं होतं. डोंबिवलीहून विठ्ठलवाडीला ताईच्या घरापर्यंत मी रिक्षावाल्याला "पळव रे, पळव" म्हणत राहिलो. आता पळवून काय उपयोग होता, हे माझं फोनवरचं बोलणं ऐकून त्याला कळत होतं, मला नाही. या गोष्टीला दीड महिना झाला. भेटायला आलेल्यांना मी दाजींचे खूप गुण सांगितले. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं काय झालं, ते मात्र कोणालाही सांगितलं नाही... ते सांगावं म्हणूनच लिहायला बसलोय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मंगलताईचे यजमान. ठेंगणे, मान कायम जरा पुढे काढलेली, बोलणं कमी. कल्याणातल्या एका दवाखान्याची ॲम्ब्युलन्स त्यांनी सव्वीस वर्षं चालवली. निवृत्त झाल्यावर एक जुनी राखाडी गाडी घेतली, तेव्हा नातवंडं खूश झाली, की आता आजोबा विमान चालवणार. दाजींनी सगळ्यांची पार निराशा केली. त्यांची गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जायचीच नाही. चौथा गिअर कंपनीनं बसवलाय की नाही, याची मला शंका यायची. दर रविवारी सकाळी ताईला शेजारी बसवून शहाडवरून मुरबाड रस्त्याला लागायचं, काचा खाली, रेडिओ बंद, हॉर्नला हात लावायचा नाही. दुधाच्या किटल्या लटकवलेला स्कूटरवालासुद्धा आम्हाला मागं टाकून जायचा आणि जाताना वळून बघायचा. दाजी त्याला हात दाखवायचे. "सव्वीस वर्षं लोकांनी मला वाट दिली," ते म्हणायचे, "आता माझी पाळी."

मी त्या गाडीत शिरलो तो डॉक्टरांमुळे. मी मुळात तापट, त्यात शिफ्टचा इनचार्ज, त्यात रक्तदाब; डॉक्टरांनी डोकं शांत ठेवायला बजावलेलं. कामगार रजेवर, टाकीचं तापमान वर, साहेब डोक्यावर, अशा दिवसांनी मला पार पोखरलं होतं. घरी जेवणाच्या ताटावरूनसुद्धा मी ओरडायचो. बायकोनं ताईला सांगितलं, ताईनं दाजींना. पुढच्या रविवारी ते खाली येऊन उभे. "बस सुभाषराव. कुठं पोचायचं नाहीये, नुसतं जायचंय." पहिले तीन-चार रविवार मी मागच्या सीटवर दात खात बसलो होतो. मग कधीतरी, रायत्याच्या पुलावर की काय, माझी मूठ सुटलेली मला जाणवली. उल्हासच्या पात्रात म्हशी डुंबत होत्या, पलीकडं पळस फुललेला, ताई वालाच्या शेंगा सोलत बसलेली आणि कोणी काहीच बोलत नव्हतं. त्या दुपारी मी कित्येक महिन्यांनी गाढ झोपलो. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडली वाटतं. मी म्हटलं, हो.

दाजींना एक खोड होती. प्रत्येक गाव लागलं की ते त्याचं नाव पुटपुटायचे. म्हारळ... वरप... कांबा... मला वाटायचं, म्हातारपण. एकदा गोवेलीच्या पुढं चहाला थांबलो असताना त्यांनी आपणहून सांगितलं. मुरबाडकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला साप चावला होता, त्याला घेऊन ते याच रस्त्यानं कल्याणला निघाले होते. म्हातारा या रस्त्यावर बैलगाडीनं आयुष्यभर हिंडलेला. आडवा पडल्यापडल्या त्याला बाहेरचं दिसेना, म्हणून तो विचारत राहिला, "गोवेली गेली का रं? रायता आला का?" दाजी पुढून ओरडून सांगायचे, आला बाबा. कांब्यानंतर म्हाताऱ्यानं काही विचारलं नाही. "मी तरी सांगत राहिलो," दाजी म्हणाले. "वरप आलं, म्हारळ आलं, शहाड आलं..." मग त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले की या रस्त्यानं आपण हजार वेळा गेलो असू, पण बाजूला झाडं आहेत हे कधी बघायला मिळालं नाही. ताईलाही ही गोष्ट तेव्हाच कळली. इतकी वर्षं हा माणूस घरी येऊन हातपाय धुऊन मुकाट जेवायला बसत होता.

आणि हीच गोष्ट मी त्यांच्या तोंडावर फेकली.

त्या रविवारी कारखान्यात तपासणी होती, मला बारापर्यंत पोचायचं होतं. जायलाच नको होतं, पण ताईनं डबा केलेला, म्हणून गेलो. परतताना गोवेलीच्या नाक्याजवळ म्हशींचा कळप आडवा आला. दाजींनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि गुराख्याशी पाण्यापावसाच्या गप्पा सुरू केल्या. मी घड्याळ बघत होतो. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. म्हशी गेल्या तरी यांच्या गप्पा संपेनात. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "जिवंत माणसाच्या वेळेची तुम्हाला काही किंमत आहे का? आणि आयुष्यभर पळवून तरी काय दिवे लावले? तो म्हातारा तुमच्याच गाडीत गेला ना?"

ताई "सुभाष!" एवढंच म्हणाली. दाजींनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. एवढंच. ते हात अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मी दार आपटून उतरलो आणि कल्याणकडं निघालेल्या रिक्षात बसलो. मागून त्यांचा आवाज आला, "पोचलास की फोन कर रे."

मी फोन केला नाही. त्या दिवशी तपासणी होती म्हणून, दुसऱ्या दिवशी लाज वाटली म्हणून, नंतर ते करतील म्हणून. पुढचे तीन रविवार मी काही ना काही काम काढलं. माफी मागायची हे नक्की होतं, पण समोरासमोर, चहा पिताना, ओघात... अशी मनात जुळवाजुळव चाललेली. मला वाटत होतं, माझ्याकडं भरपूर रविवार आहेत. चौथा उजाडायच्या आत तो गुरुवार आला.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, ताई एकटी उरली. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. गाडी उभी राहून बॅटरी उतरेल, जरा फिरवून आण, मीही येते. मी चालवायला बसलो. हात आपसूक चौथ्या गिअरकडं जात होता, तो मागं घेत होतो. ताई बाहेर बघत होती. गावं येत होती, जात होती. गोवेलीचा नाका दिसायला लागल्यावर मला ते सहन होईना. मी म्हणालो, "ताई, मी त्यांना जे बोललो ना..."

"इथं थांब," ती म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली. तिनं पदर सारखा केला आणि समोर बघत सांगायला लागली. ते तिन्ही रविवार दाजी तिला घेऊन निघाले होते, पण गोवेलीच्या पुढं एकदाही गेले नव्हते. मी जिथं उतरलो, बरोबर तिथं गाडी लावायचे आणि कल्याणकडून येणाऱ्या रस्त्यावर नजर ठेवून बसायचे. ती म्हणाली होती, तुम्हीच फोन करा की त्याला. तर म्हणाले, नको, त्याला ओशाळल्यासारखं होईल. रागात उतरलाय. येईल आपणहून, आपण फक्त जागेवर असलं पाहिजे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. अर्धा तास बघायचे. आणि मला म्हणायचे, आज कामात असेल गं."

मागून एका टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला आणि वळसा घालून निघून गेला. ताई डोळे पुसत म्हणाली, चल, निघू या आता, ऊन वाढलंय.

मी तिला म्हटलं, अर्धा तास होऊ दे. आणि इंजिन बंद केलं.