दोरीवरचा पाला

बसमध्ये तीस वर्षं घसा फोडून "पुढे सरका" म्हटलं, तरी माणसं काही सरकली नाहीत. निवृत्तीनंतर पाळलेल्या शेळ्या मात्र एका हाकेत सरकायच्या. कंडक्टरांचा शेळ्यांवर जीव जडला तो इथेच. घरात त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. घरात म्हणजे बायकोच, दुसरं होतं कोण!

शेळ्या तीन. त्या आणताना बायकोने बजावलं होतं, की विकतच्या खाद्याचं एकही पोतं दारात दिसता कामा नये. कंडक्टरांनी हे फारच मनावर घेतलं. कुंपणाला तुती, हदगा, सुबाभूळ अशी पाल्याची झाडं होतीच. एका दिवशी एकाच झाडावर विळा चालवायचा, फार तर तिसरा हिस्सा छाटायचा आणि झाडाला चिंधी बांधायची. नवी पालवी हातभर होईपर्यंत चिंधी सोडायची नाही. "एकदा तिकीट फाडलं की पुन्हा फाडायचं नाही," असं ते शेजाऱ्यांना समजावत. नुसता सुबाभळीचा पाला दिला तर शेळ्यांचे केस गळतात, हे सांगताना ते स्वतःच्या टकलावरून हात फिरवत, त्यामुळे ऐकणाऱ्याला लगेच पटे.

पण भुईवर पडलेल्या, तुडवलेल्या पाल्याला या शेळ्या तोंड लावत नसत. म्हणून अंगणात दोरी बांधून ते तिच्यावर पाल्याच्या जुड्या टांगायचे.

बायको दवाखान्याचे कपडे धुवायची. एक दिवस तिची दोरी तुटली आणि तिने ऑपरेशनचा हिरवा गाऊन शेळ्यांच्या दोरीवर वाळत घातला. हिरवं, लोंबणारं आणि बरोबर तोंडाशी आलेलं! ती बादली ठेवून येईपर्यंत दोन्ही बाह्या आणि अर्धी पाठ फस्त.

"दोरी शेळ्यांची होती," कंडक्टर हळूच म्हणाले.

"आणि गाऊन काय माझ्या माहेरचा होता? रविवारी गिऱ्हाईक बोलवा. या घरात एक तर त्या राहतील, नाहीतर मी!"

चार दिवस कंडक्टरांना अन्न गोड लागलं नाही. शेळ्या गेल्यावर "पुढे सरका" म्हणायचं तरी कोणाला, या विचाराने त्यांना रडू यायचं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. त्याने शेळ्यांचे दात पाहिले, पाठी चाचपल्या आणि तुतीची जुडी ओढून मातीत टाकली. शेळ्यांनी ती हुंगली आणि तोंडं फिरवली.

"अहो, या तर भलत्याच नखरेल! असल्या लाडावलेल्या जनावरांना कोण सांभाळणार?"

कंडक्टर मान खाली घालून उभे होते. बोलली ती बायको.

"नखरे कसले? तुमची भाकरी मातीत टाकली तर खाल का तुम्ही? नाही विकायच्या आम्हाला. निघा!"

तिने जुडी उचलली, झटकली आणि दोरीला बांधली. शेळ्या तुटून पडल्या. कंडक्टरांचे डोळे भरून आले.

तेव्हापासून दवाखान्याचे कपडे घरात वाळतात. खोलीभर दोऱ्या, दोऱ्यांवर गाऊन, आणि त्यांच्याखाली खुर्चीत अंग चोरून बसलेले कंडक्टर. टकलावर थेंब पडला की ते तो हळूच पुसतात. बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन आत येते आणि म्हणते, "जरा पुढे सरका."

ते एका हाकेत सरकतात.