दारामागची दुनळी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सगळे सुभेदार म्हणत. सैन्यात ते कधीच नव्हते. जन्मभर एका बँकेच्या दाराशी स्वतःची दुनळी बंदूक घेऊन उभे राहिले, एवढंच. नोकरी संपली, पाठोपाठ बायको गेली, आणि माणूस पार गप्प झाला. मी खाली शिलाई मशीनवर बसल्या बसल्या त्यांच्या खुर्चीची करकर ऐकायची आणि म्हणायची, आहेत बाबा, आहेत.

बंदूक दारामागे उभी असायची, तीही भरलेली. बँकेत तशीच हाताशी असायची ना! लेक दुसऱ्या शहरात. नात रांगायला लागली तरी यांनी तिला फोनवरच पाहिलेली. लेक एकच म्हणायची, "बाबा, आधी बंदूक कपाटात बंद करा, मग आणते तिला." एवढं साधं काम! पण कुलपाचं कपाट एकच, आणि त्यात बायकोचे कपडे, तिचा चष्मा, कंगवा. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, कंगवा कोण चोरणार आहे?"

"बंदूक गेली तर दुसरी मिळेल," ते म्हणाले. "हे कुठून आणू?"

नातीचे फोटो मात्र मला ऊठसूट दाखवायचे.

मग एका सकाळी कामवाली बाई फरशी पुसत होती. तिने बंदूक बाजूला सरकवली, ती घसरली आणि बार उडाला. मी धावत वर गेले. छर्रे बाईच्या पायात घुसले होते आणि सुभेदार स्वतःचा सदरा फाडून तिला पट्टी बांधत होते. बाईचा जीव वाचला. पाय मात्र अधू झाला तो झालाच, आणि त्याचा राग मला आजही येतो.

पोलीस आले. मला आणि समोरच्या दुकानदाराला पंच म्हणून उभं केलं. साहेबांनी दुसऱ्या नळीतलं काडतूस काढलं, बंदुकीचा नंबर लिहून घेतला, कापडात गुंडाळून सील लावलं, आमच्या सह्या घेतल्या.

"पण माझ्याकडे लायसन्स आहे," सुभेदार पुन्हा पुन्हा सांगत होते.

"बाळगायचं आहे, काका. भरून उघड्यावर ठेवायचं नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा तुमच्यावर दाखल होणार."

"परत कधी मिळेल?"

"ते कोर्ट ठरवेल. मिळेलच असं नाही."

साहेबांनी कपाटही उघडायला लावलं. घडी घातलेले बायकी कपडे पाहून त्यांनी स्वतःच दार लोटून घेतलं.

जामिनावर सुटून आल्यावर सुभेदार थेट माझ्याकडे आले. "जरा लेकीचा नंबर लावून दे, माझी बोटं ऐकत नाहीत." मी लावून दिला. आवाज एवढा मोठा ठेवलेला की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"अगं, आता ये," ते घाईघाईने म्हणाले. "बंदूक नाहीये घरात."

पलीकडे पोरीचं बोबडं बोलणं चाललं होतं.

"बाबा, तुम्ही काढलीत की पोलिसांनी नेली?"

"नेली."

लेकीने फोन ठेवला. मी मशीनवर मान खाली घातली. सुभेदार तसाच फोन कानाला लावून बोलत राहिले, "दारामागची जागा धुऊन काढलीय मी. तिला रांगायला आता सगळी खोली मोकळी आहे."